डोळ्यांखालच्या पिशव्या : उपचारापूर्वी निदान हवे

आषाढी वारीत संत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी धर्मपुरी येथे सोलापूर जिल्ह्यात प्रवेश करते आणि नातेपुते येथे मुक्कामाला थांबते. पहाटे राहुटीतून बाहेर पडणाऱ्या अनेक वारकऱ्यांच्या डोळ्यांखाली त्या वेळी फुगवटा आलेला असतो. दिवसभराची चाल, अपुरी झोप आणि उशीविना सपाट अंथरुणावर काढलेली रात्र यांमुळे पापण्यांच्या सैल त्वचेखाली पाणी साचते. वारी पुढे निघाली, उन्हे वर आली की हा फुगवटा आपोआप ओसरतो. त्याला औषध लागत नाही.

परंतु प्रत्येक फुगवटा असा दुपारपर्यंत ओसरत नाही. एखाद्या शिक्षकाला आरशात तो रोज दिसतो, वर्षागणिक वाढतो. ‘रात्री झोप झाली नाही का?’, ‘तब्येत बरी नाही का?’ अशी विचारणा भेटणारा प्रत्येक जण करतो. दारूच्या थेंबालाही न शिवणाऱ्या माणसाकडे लोक संशयाने पाहू लागतात. घरातील लग्नाची छायाचित्रे पाहताना एखाद्या गृहिणीचे लक्ष स्वतःच्या डोळ्यांखालीच खिळते. मग कोणी बाजारातील मलम आणतो, कोणी शेजारणीने सांगितलेला लेप लावतो, तर कोणी मोबाइलवरील जाहिरात पाहून थेट पुण्याच्या सौंदर्य उपचार केंद्राचा रस्ता धरतो. या घाईत सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मागे राहतो. ही पिशवी नेमकी कशाची आहे?

डोळ्यांखालची पिशवी हा एक विकार नव्हे. पाणी, चरबी, सैल त्वचा, गालाजवळचा खळगा किंवा शरीरातील एखादा आजार, यांपैकी कशामुळेही ती दिसू शकते. प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो. एकासाठी योग्य ठरणारा उपचार दुसऱ्यासाठी निरुपयोगी, प्रसंगी घातकही ठरतो.

पापणीची रचना

पापणीची त्वचा ही शरीरातील सर्वांत पातळ त्वचा समजली जाते. तिच्या खाली डोळा मिटणारा गोलाकार स्नायू असतो आणि त्यामागे एक पातळ पडदा असतो. डोळ्याच्या खोबणीत नेत्रगोलाभोवती चरबीच्या मऊ गाद्या असतात. हादऱ्यांपासून डोळ्याचे रक्षण करणे हे त्यांचे काम. खालच्या पापणीमागे अशा तीन गाद्या मानल्या जातात. नाकाच्या बाजूची, मधली आणि कानाच्या बाजूची. उपरोक्त पडदा त्यांना जागेवर धरून ठेवतो.

वय वाढते तसा हा पडदा व स्नायू सैल पडतो आणि मागची चरबी पुढे डोकावू लागते. त्याच काळात गालावरील मांस थोडे खाली उतरते आणि पापणी व गाल यांच्या सीमेवर खळगा पडतो. वर उंचवटा व खाली खळगा असल्यामुळे सावली पडते आणि पिशवी आहे त्याहून मोठी भासते. काही घराण्यांत ही ठेवण आनुवंशिक असते. अशा व्यक्तींमध्ये विशी-तिशीतच पिशव्या दिसू लागतात. त्याचा जागरणाशी वा व्यसनाशी काहीही संबंध नसतो.

आधी आजार नाही ना, हे पाहावे

सौंदर्याचा विचार करण्यापूर्वी आजाराचा विचार करणे आवश्यक आहे. लहान मुलाचे डोळे रोज सकाळी सुजत असतील, तर ती ॲलर्जी समजून दिवस काढू नयेत. मूत्रपिंडांतून प्रथिने वाहून जाण्याच्या विकारात पहिले लक्षण पुष्कळदा डोळ्यांभोवतीची सकाळची सूज हेच असते. पुढे ती पाय व पोटावर उतरते, लघवीला फेस येतो. लघवीची साधी तपासणी हा विकार उघड करते. ही तपासणी स्वस्त आहे आणि त्यासाठी पुणे किंवा सोलापूर गाठावे लागत नाही.

थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावले की चेहरा व पापण्या फुगीर दिसतात. सोबत थकवा, थंडी सहन न होणे, वजनवाढ, बद्धकोष्ठ अशा तक्रारी असतात. याउलट थायरॉइडच्या दुसऱ्या एका विकारात डोळे बाहेर आल्यासारखे, टक लावून पाहिल्यासारखे दिसतात व पापण्यांमागची चरबी पुढे ढकलली जाते. येथे पापणीवर शस्त्रक्रिया करण्याची घाई घातक ठरते. आधी आजार स्थिर व्हावा लागतो आणि पापणीची शस्त्रक्रिया उपचारांच्या क्रमात सर्वांत शेवटी येते.

ॲलर्जी हे ग्रामीण भागातील एक मोठे कारण आहे. केसांचा कलप व काळी मेंदी यांतील रसायनाची प्रतिक्रिया आली, तर डोक्याच्या त्वचेपेक्षा पापण्याच आधी सुजतात. कुंकू, सुगंधी द्रव्ये, डोळ्यांत घालण्याचे थेंब यांचीही प्रतिक्रिया येऊ शकते. बांधावर व पडीक रानात माजणारे गाजर गवत हे आणखी एक कारण होय. या परदेशी तणाची पुण्यात १९५५ साली नोंद झाली आणि पुढे ते देशभर पसरले. त्याचे सूक्ष्म कण हवेतून चेहऱ्यावर बसतात आणि पापण्या, मान व कोपरांच्या लवणी येथे खाज सुटून त्वचा जाड होते. अशा शेतकऱ्याच्या पापण्यांवर शस्त्रक्रिया करून काय साधणार? त्याला गवतापासून दूर ठेवणे व त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठविणे हाच उपचार.

काही लक्षणे मात्र थांबू देत नाहीत. एकाच डोळ्याभोवती अचानक आलेली लाल, दुखरी सूज, सोबत ताप, नजर अंधुक होणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे किंवा डोळा हलविताना वेदना होणे, यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. नाकाच्या बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्यात गाठ व सतत पाणी येत असेल, तर अश्रुपिशवीचा दाह असू शकतो. तीही सौंदर्याची तक्रार नव्हे.

पाणी, चरबी, त्वचा की खळगा?

आजार नाही असे ठरल्यावर पिशवीचा प्रकार ओळखावा लागतो. पाण्यामुळे आलेला फुगवटा सकाळी जास्त व सायंकाळी कमी असतो. खारट जेवण, रडणे, जागरण, मद्यपान यांनंतर तो वाढतो. चरबीची पिशवी दिवसभर साधारण तशीच राहते. नजर वर केली की ती अधिक उठून दिसते, खाली पाहिले की कमी होते. त्वचा सैल झाली असेल, तर तिला बारीक सुरकुत्या पडतात व चिमटीत धरलेली त्वचा सावकाश पूर्ववत होते. खळग्यामुळे पडणारी सावली प्रकाशाची दिशा बदलली की बदलते.

पापणीच्याही खाली, गालाच्या हाडावर झोळीसारखा फुगवटा असेल, तर तो वेगळा प्रकार आहे. तो पापणीच्या नेहमीच्या शस्त्रक्रियेने जात नाही आणि सुईने भरण्याच्या द्रव्याने उलट वाढू शकतो. डोळ्यांखालची काळी वर्तुळे हाही स्वतंत्र विषय आहे. ती रंगद्रव्यामुळे असतील, तर चरबी काढूनही काळेपणा तसाच राहतो. अनेक रुग्णांची निराशा शस्त्रक्रिया फसल्याने होत नाही. मुळात तक्रार एका गोष्टीची आणि उपचार दुसऱ्याच गोष्टीचा, असे झाल्याने ती होते.

घरचे उपाय व औषधे

फुगवटा पाण्याचा असेल, तर साधे उपाय खरोखर उपयोगी पडतात. स्वच्छ फडके गार पाण्यात भिजवून मिटलेल्या डोळ्यांवर दहा मिनिटे ठेवल्यास रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व सूज उतरते. काकडीच्या चकत्यांचा गुण काकडीत नसून तिच्या गारव्यात आहे. बर्फ मात्र थेट त्वचेवर ठेवू नये. झोपताना डोके थोडे उंच ठेवावे. प्रौढ व्यक्तीने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे लहान चमचाभराहून कमी मीठ खावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लोणचे, पापड, ठेचा, शेव-फरसाण आणि खारे शेंगदाणे यांतून हे प्रमाण नकळत ओलांडले जाते. रात्रीच्या जेवणात हे पदार्थ कमी केल्यास काही दिवसांत सकाळचा चेहरा बदललेला दिसतो.

ॲलर्जी असल्यास डोळे चोळणे प्रथम थांबवावे. चोळण्याने सूज वाढते व त्वचा काळवंडते. डॉक्टरांच्या सल्ल्याने ॲलर्जीविरोधी गोळ्या व थेंब घेता येतात. कॅफीन असलेली मलमे काही तासांपुरता ताण देतात. रेटिनॉल वर्गातील मलमे महिनोन्महिने वापरल्यास बारीक सुरकुत्या थोड्या सौम्य होतात, परंतु ती डोळ्याजवळ जळजळ करतात व गरोदरपणी टाळावी लागतात. पुढे आलेली चरबी मात्र कोणतेही मलम आत ढकलू शकत नाही. जाहिरात काहीही म्हणो, हे शरीररचनेतच बसत नाही.

औषध दुकानातून स्वतःच्या मनाने आणलेल्या ‘गोऱ्या होण्याच्या’ मलमांविषयी विशेष सावधगिरी हवी. त्यांतील अनेकांत स्टेरॉइड असते. पहिल्या काही दिवसांत सूज व काळेपणा कमी झाल्याचा भास होतो, नंतर त्वचा पातळ होऊन रक्तवाहिन्या दिसू लागतात. पापण्यांवर दीर्घकाळ वापरल्यास डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू किंवा मोतीबिंदू होण्याचा धोका असतो. अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकू नयेत असा नियम आहे. ग्राहकानेही ती मागू नयेत.

सुई आणि लेसर

शस्त्रक्रियेविना होणाऱ्या उपचारांत ‘फिलर’ची जाहिरात सर्वाधिक होते. ह्यालुरोनिक आम्लाचे जेलीसारखे द्रव्य पापणीखालच्या खळग्यात टोचून उंचवटा व खळगा एका पातळीवर आणले जातात. पिशवी लहान व खळगा ठळक असेल, त्वचा घट्ट असेल, तर परिणाम चांगला दिसतो. तो काही महिने ते वर्ष-दीड वर्ष, कधी त्याहून अधिक टिकतो. पिशवी मोठी असेल, तर भर घातल्याने चेहरा अधिकच फुगीर दिसतो. हे द्रव्य पाणी ओढून घेते, त्यामुळे आधीच सूज येणाऱ्यांना त्रास वाढू शकतो. उथळ टोचले गेल्यास त्वचेखाली निळसर छटा दिसते. चूक झाल्यास हे द्रव्य विरघळविणारे औषध उपलब्ध आहे, ही त्याची जमेची बाजू.

परंतु एक धोका प्रत्येकाने जाणून घ्यावा. द्रव्य चुकून रक्तवाहिनीत गेले, तर त्वचेचा भाग मरू शकतो. डोळ्याचा रक्तपुरवठा बंद झाल्यास दृष्टी जाते आणि ती बहुधा परत येत नाही. असे क्वचित घडते, पण घडते. म्हणून ही सुई ब्युटी पार्लरमध्ये, प्रदर्शनाच्या मंडपात किंवा घरी बोलावलेल्या व्यक्तीकडून कधीही टोचून घेऊ नये. ज्याच्या हाताशी विरघळविणारे औषध नाही, त्याच्या हाती सुई असू नये.

लेसर, रासायनिक द्रव्याने त्वचेचा पातळ थर काढणे व रेडिओलहरींनी उष्णता देणे हे उपचार त्वचेसाठी आहेत, चरबीसाठी नाहीत. त्यांनी सुरकुत्या कमी होतात व त्वचा थोडी आवळली जाते. गव्हाळ व सावळ्या त्वचेत भाजल्याच्या जागी काळे डाग उमटण्याची प्रवृत्ती अधिक असते. म्हणून गोऱ्या कातडीसाठी ठरविलेली लेसरची तीव्रता आपल्याकडे जशीच्या तशी चालत नाही. उपचारानंतर ऊन कटाक्षाने टाळावे लागते. माळशिरस तालुक्यात उन्हाळ्यात शेतावर राबणाऱ्याला ही अट पाळणे किती जमेल, याचा विचार आधीच केलेला बरा. कपाळाच्या आठ्यांसाठी वापरले जाणारे बोटुलिनम इंजेक्शन पिशव्यांवर उपयोगी नाही. स्नायू ढिला पडून पिशवी उलट अधिक दिसू शकते.

शस्त्रक्रिया : पुण्याशी जुने नाते

प्लास्टिक सर्जरी ही अलीकडची पाश्चात्त्य चैन आहे, असा समज आढळतो. इतिहास निराळे सांगतो. टिपू सुलतानाविरुद्धच्या युद्धात इंग्रजांच्या सैन्यात असलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाचे नाक कापले गेले होते. पुण्यात एका देशी कारागिराने कपाळाची त्वचा वळवून त्याला नवे नाक केले. या शस्त्रक्रियेचा सचित्र वृत्तान्त १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये छापून आला. तो वाचून जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने इंग्लंडमध्ये ही पद्धत वापरली व १८१६ साली त्यावर पुस्तक लिहिले. पाठोपाठ १८१८ साली जर्मनीतील कार्ल फॉन ग्रेफे याने नाकाच्या शस्त्रक्रियेवर ग्रंथ प्रसिद्ध केला. पापणीच्या शस्त्रक्रियेला ‘ब्लेफॅरोप्लास्टी’ हे नाव देण्याचे श्रेयही त्यालाच दिले जाते. भारतात प्लास्टिक सर्जरीचा पहिला स्वतंत्र विभाग १९५८ साली नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांनी उभारला.

चरबीच्या पिशव्यांवर टिकाऊ उपाय शस्त्रक्रिया हाच आहे. तिच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत पापणीच्या केसांच्या अगदी खाली बारीक छेद घेतात. त्यातून चरबी व जादा त्वचा काढता येते आणि सैल स्नायू आवळता येतो. दुसऱ्या पद्धतीत पापणी खाली ओढून आतल्या लाल अस्तरातून छेद घेतात. तिचे वर्णन फ्रान्समधील बुर्गे यांनी १९२४ साली केले. यात बाहेर व्रण दिसत नाही आणि पापणी खाली ओढली जाण्याचा धोका कमी असतो, परंतु जादा त्वचा काढता येत नाही. म्हणून त्वचा घट्ट असलेल्या तरुण रुग्णांना ती अधिक सोयीची ठरते.

पूर्वी चरबी सढळ हाताने काढून टाकण्याची रीत होती. काही वर्षांनी असे डोळे खोल गेलेले, आजारी दिसू लागत. त्यामुळे आता अनेक शल्यविशारद चरबी कमीत कमी काढतात आणि तीच सरकवून खालचा खळगा भरतात. पापणी सैल असेल, तर तिला बाहेरच्या कोपऱ्यात टाका घालून आधार दिला जातो.

शस्त्रक्रिया स्थानिक भूल व गुंगीचे औषध देऊन किंवा पूर्ण भूल देऊन होते. तिला साधारण एक ते दोन तास लागतात. बाहेरचे टाके पाच ते सात दिवसांत काढतात. काळेनिळेपणा व सूज ओसरायला सुमारे दोन आठवडे, तर अंतिम स्वरूप दिसायला काही महिने लागतात. परिणाम पुष्कळ वर्षे टिकतो, मात्र वय थांबत नाही.

धोके दडवू नयेत

डोळे कोरडे पडणे, पापणीची कड खाली ओढली जाऊन पांढरे बुबुळाखाली दिसणे, पापणी बाहेर वळणे, दोन्ही डोळ्यांत फरक राहणे या गुंतागुंती होऊ शकतात. काही आपोआप सुधारतात, काहींसाठी पुन्हा शस्त्रक्रिया लागते. डोळा हलविणारा एक स्नायू चरबीच्या दोन गाद्यांमधून जातो. त्याला इजा झाल्यास एकाच्या दोन वस्तू दिसतात.

सर्वांत गंभीर धोका म्हणजे डोळ्यामागे रक्तस्राव होणे. त्याचे प्रमाण सुमारे दोन हजार रुग्णांत एक असे सांगितले जाते आणि त्यातून कायमची दृष्टी जाणे त्याहूनही विरळ आहे. परंतु रक्ताचा दाब डोळ्याच्या नसेवर पडला, तर हाताशी फार थोडा वेळ असतो. शस्त्रक्रियेनंतर तीव्र वेदना, डोळा घट्ट होऊन पुढे येणे, नजर मंद होणे ही लक्षणे दिसताच तातडीने दाब मोकळा करावा लागतो. ॲस्पिरीन किंवा रक्त पातळ करणारी अन्य औषधे घेणाऱ्यांत व रक्तदाब अनियंत्रित असणाऱ्यांत हा धोका वाढतो. ही औषधे बंद करायची की नाहीत, हे हृदयरोगतज्ज्ञाला विचारूनच ठरवावे. ती स्वतःच्या मनाने थांबविल्यास हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. मधुमेह, डोळ्यांचा कोरडेपणा, चष्म्याचा नंबर घालविण्यासाठी पूर्वी केलेली लेसर शस्त्रक्रिया, तंबाखू व धूम्रपान यांची माहितीही लपवू नये.

गावाहून जाणाऱ्या रुग्णासाठी

नातेपुत्यातून पुणे किंवा सोलापूर गाठायला काही तास मोडतात. हे अंतर उपचाराच्या निवडीचाच भाग समजावे. डोळ्यामागचा रक्तस्राव बहुधा पहिल्या चोवीस तासांत होतो. म्हणून शस्त्रक्रिया आटोपून त्याच संध्याकाळी एसटीने गावी परतण्याचा बेत करू नये. पहिली रात्र तरी रुग्णालयात किंवा त्याच शहरात, सोबतीला जाणता माणूस घेऊन काढावी. टाके काढणे व तपासणी यांसाठी पुन्हा फेऱ्या होतील, त्यांचा खर्च व बुडणारी मजुरी आधीच हिशेबात धरावी. काही दिवस वाकून काम करणे, ओझे उचलणे व धुळीत जाणे टाळावे लागते. तेव्हा सुगी किंवा ऊसतोडणीच्या दिवसांत ही शस्त्रक्रिया ठरवू नये.

केवळ सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च आरोग्य विमा सहसा देत नाही, उलट अशा शस्त्रक्रियेवर वस्तू व सेवा कर आकारला जातो. सोलापूरचे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, पुण्याचे बी. जे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व ससून रुग्णालय, तसेच २०१९ साली सुरू झालेले बारामतीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही या भागाला जवळची सरकारी शिक्षणकेंद्रे आहेत. निदानाबाबत शंका असल्यास खासगी केंद्रात पैसे भरण्यापूर्वी अशा ठिकाणच्या नेत्र किंवा त्वचारोग विभागात मत घेणे शहाणपणाचे.

ही शस्त्रक्रिया प्लास्टिक सर्जनने किंवा पापण्यांच्या शस्त्रक्रियेचे विशेष प्रशिक्षण घेतलेल्या नेत्रतज्ज्ञाने करावी. डॉक्टरांची पदवी व वैद्यक परिषदेकडील नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच मानू नये. माझी पिशवी कशाची आहे, याहून साधा उपाय आहे का, आपण अशा किती शस्त्रक्रिया केल्या आहेत, रात्री त्रास झाला तर फोन कोण उचलेल, एकूण खर्च किती, हे प्रश्न लिहूनच न्यावेत. संमतिपत्र समजेल अशा भाषेत मागावे व वाचल्याशिवाय सही करू नये. पहिल्याच भेटीत ‘आजच पैसे भरा, सवलत मिळेल’ असे सांगणाऱ्या ठिकाणाहून उठून यावे. ही शस्त्रक्रिया तातडीची कधीच नसते.

काहीही न करणे हाही एक रास्त पर्याय आहे. पिशव्यांनी नजर अधू होत नाही किंवा आयुष्य घटत नाही. ज्याला त्या खुपत नाहीत, त्याने लोकांच्या बोलण्यावरून डोळे सुरीखाली द्यायचे कारण नाही. ज्याला त्या मनापासून खुपतात, त्याने लाज बाळगण्याचेही कारण नाही. मात्र दोघांनीही लघवी, रक्तदाब, साखर व थायरॉइड यांची तपासणी एकदा करून घ्यावी. चेहऱ्यावरची पिशवी राहिली तरी चालेल, तिच्यामागे दडलेला आजार राहता कामा नये.